बासष्ट विजय आणि एक खाडी

अमेरिकेतील अतिवेगवान हायड्रोप्लेन बोटींच्या शर्यतींवर पाव शतक अधिराज्य गाजवणारे बिल मन्सी १९८१ साली शर्यतीतच मरण पावले. त्यांच्या विजयांचा आकडा विक्रमांच्या यादीत राहिला. पण त्यांच्या मृत्यूने या खेळाला जे शिकवले, त्याचे मोल त्याहून अधिक ठरले.

अमेरिकेच्या नैऋत्य टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीलगत सॅन दिएगो हे शहर वसले आहे. या शहराच्या उत्तर अंगाला मिशन बे नावाची खाडी आहे. एके काळी ती निव्वळ दलदल होती. तिचे जुने नावच 'खोटी खाडी' असे होते. कारण जहाजांना आसरा देणारे खरे बंदर तिथून दक्षिणेला होते. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराने हा चिखल उपसण्याचे काम नेटाने हाती घेतले. गाळ काढून बेटे रचली गेली, वाळूचे किनारे तयार झाले आणि चार हजार एकरांहून अधिक क्षेत्राचे जलउद्यान उभे राहिले. माणसांनी घडवलेल्या या खाडीत १९६४ साली हायड्रोप्लेन बोटींची पहिली मोठी शर्यत झाली.

पुढे 'बेफेअर' या नावाने ओळखला गेलेला हा सप्टेंबरातील उत्सव उभा राहिला तो शहरातल्या स्वयंसेवकांच्या बळावर. नफा न कमावणारी एक संस्था आणि तिच्याभोवती जमलेली शेकडो माणसे यांच्या जिवावर ही शर्यत दशकानुदशके चालत आली. पहाटे पाण्यात बोये सोडायचे, क्रेनने उतरवल्या जाणाऱ्या बोटींना दोर लावायचे, वळणावर बसून कोणी नियम मोडतो का ते पाहायचे, बचावनौकेत पाणबुड्यांसह सज्ज राहायचे आणि संध्याकाळी किनाऱ्यावरचा कचराही उचलायचा, ही सारी कामे नोकरीधंद्यातून सुट्टी काढून आलेली माणसे करीत.

या खाडीतल्या शर्यतीच्या चषकाला बिल मन्सी यांचे नाव देण्यात आले. मन्सी यांचा जन्म इथला नव्हता आणि मृत्यूही इथे झाला नाही. तरीही सॅन दिएगोने त्यांना आपले मानले. तसे का झाले, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या आयुष्याचा मार्ग पाहावा लागतो. तो डेट्रॉइटच्या नदीपासून सुरू होतो.

डेट्रॉइटचा मुलगा

विल्यम एडवर्ड मन्सी यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९२८ रोजी मिशिगन राज्यातील डेट्रॉइटच्या परिसरात झाला. डेट्रॉइट ही मोटारींची राजधानी. वडील मोटारविक्रीच्या व्यवसायात होते. घरात सुबत्ता होती. बिलला संगीताची ओढ होती आणि तो सॅक्सोफोन चांगला वाजवीत असे. संगीतालाच वाहून घ्यावे, असा विचारही त्याच्या मनात काही काळ होता.

पण डेट्रॉइटच्या मुलाला दुसऱ्या एका नादापासून दूर राहणे कठीण होते. शहराला लागून वाहणाऱ्या डेट्रॉइट नदीवर दर वर्षी वेगवान बोटींच्या शर्यती भरत. याच शहरातील गार वुड यांनी १९१७ ते १९२१ या काळात सलग पाच वेळा 'गोल्ड कप' जिंकून दंतकथेचे स्थान मिळवले होते. १९०४ साली हडसन नदीवर सुरू झालेला गोल्ड कप हा अमेरिकेतील बोटशर्यतींचा सर्वोच्च मान. क्रिकेटवेड्या गल्लीत वाढलेल्या मुलाच्या हाती बॅट यावी, तसे या शहरातल्या मुलाच्या हाती सुकाणू येणे स्वाभाविक होते.

१९५० साली, एकवीस वर्षांचे असताना मन्सी यांनी 'मिस ग्रेट लेक्स' ही बोट घेऊन सर्वांत मोठ्या गटात उतरण्याचे धाडस केले. बोट बुडाली. पहिल्याच पावलाला असा ठसका लागल्यावर दुसऱ्या कोणी सॅक्सोफोनच जवळ केला असता. मन्सी लहान गटांतील बोटींकडे वळले, त्यांवर हात बसवला आणि संधीची वाट पाहत राहिले.

वेगाचे गणित

ज्या वर्षी मन्सी यांची बोट बुडाली, त्याच वर्षी या खेळाचे स्वरूप पालटले. सिएटल शहरातील स्टॅन्ली सेअर्स यांच्या 'स्लो-मो-शन ४' या बोटीने जून १९५० मध्ये ताशी १६० मैलांचा, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. टेड जोन्स यांनी तिचा आराखडा केला होता आणि अँकर जेन्सन यांनी ती बांधली होती. पाठोपाठ या बोटीने डेट्रॉइटला जाऊन गोल्ड कपही उचलला. विजेत्याच्या क्लबाने पुढच्या वर्षीची शर्यत भरवायची, असा तेव्हाचा रिवाज होता. त्यामुळे गोल्ड कप डेट्रॉइटहून तीन हजार किलोमीटरपेक्षा दूर, पश्चिम किनाऱ्यावर गेला. दोन शहरांतील वैराचा तो आरंभ होता.

या बोटींचे तंत्र साधे वाटते, पण त्यातच धोका दडलेला आहे. सर्वसाधारण बोट पाणी कापत जाते. हायड्रोप्लेन पाण्यावर जेमतेम टेकलेली असते. पुढच्या बाजूला दोन फुगवटे आणि मागे अर्धा पाण्यात, अर्धा पाण्याबाहेर फिरणारा पंखा, अशा तीनच ठिकाणी तिचा पाण्याशी संबंध येतो. मधल्या पोकळीत शिरलेली हवा तिला उचलून धरते. पाण्याचा अडसर जितका कमी, तितका वेग अधिक. मागे उडणारा पाण्याचा उंच फवारा कोंबड्याच्या शेपटीसारखा दिसतो.

पण हवेला मर्यादा शिकवता येत नाही. बोटीचे नाक ठरावीक कोनापेक्षा थोडे जरी वर गेले, तरी खालची हवा तिला पतंगासारखी उचलते आणि मागे उलटवते. ज्या हवेच्या आधाराने बोट जिंकते, तीच हवा तिचा घात करते. या बोटींत महायुद्धातून उरलेली अॅलिसन आणि रोल्स-रॉइस मर्लिन ही लढाऊ विमानांची बारा सिलिंडरची इंजिने बसवलेली असत. इंजिनामागच्या उघड्या खोबणीत चालक बसे. त्याला पट्ट्याने बांधलेले नसे. अपघात झाला तर बोटीखाली चिरडण्यापेक्षा दूर फेकले जाणे बरे, असा त्या काळचा हिशेब होता.

मिस थ्रिफ्टवे

मन्सी यांची संधी १९५५ साली आली, आणि ती आली सिएटलहून. वॉशिंग्टन राज्यातील किराणा दुकानांच्या एका साखळीचे विलार्ड ऱ्होड्स यांनी टेड जोन्स यांच्याकडून 'मिस थ्रिफ्टवे' ही बोट बांधून घेतली होती. तिचे सुकाणू त्यांनी मन्सी यांच्या हाती दिले. डेट्रॉइटचा मुलगा डेट्रॉइटच्याच विरुद्ध उभा राहिला.

त्या वर्षीचा गोल्ड कप सिएटलच्या लेक वॉशिंग्टन या सरोवरात झाला. मन्सी यांनी तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या. किनाऱ्यावर जल्लोष सुरू झाला. मग हिशेब मांडला गेला. सर्व फेऱ्या मिळून सर्वांत कमी वेळ घेणाऱ्या बोटीला जादा गुण देण्याचा नियम होता. डेट्रॉइटच्या 'गेल ५' या बोटीने एकूण नव्वद मैलांत मन्सी यांच्यापेक्षा साडेचार सेकंद कमी घेतले होते. तेवढ्या फरकाने चषक डेट्रॉइटला गेला. सिएटलकरांना ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे सलत राहिली.

पुढच्या वर्षी मन्सी यांनी डेट्रॉइटमध्येच तो चषक जिंकला. पण तोही सुखाने हाती लागला नाही. त्यांच्या बोटीने वळणावरच्या बोयाला धक्का दिला, असा ठपका ठेवून त्यांना बाद ठरवण्यात आले. अपिले झाली, चित्रफिती तपासल्या गेल्या. शर्यतीनंतर तब्बल ८५ दिवसांनी बोया शाबूत असल्याचे मान्य झाले आणि मन्सी विजेते ठरले. १९५७ साली सिएटलमध्ये त्यांनी दुसरा गोल्ड कप जिंकला. त्या विजयावर मात्र कोणाचा आक्षेप नव्हता.

याच वर्षाच्या सप्टेंबरात इंडियाना राज्यातील मॅडिसन या गावी ओहायो नदीवर शर्यत सुरू असताना 'मिस थ्रिफ्टवे' भर वेगात फुटली. फळ्यांचे तुकडे तुकडे झाले आणि मन्सी गंभीर जखमी अवस्थेत पाण्यातून बाहेर काढले गेले. ऱ्होड्स यांनी नवी बोट बांधली. १९५८ च्या गोल्ड कपमध्ये तिचे सुकाणू निकामी झाले आणि ती शर्यतीच्या मार्गालगत उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या नौकेवर आदळली. दोन्ही बुडाल्या. मन्सी पुन्हा जखमी झाले आणि पुन्हा वाचले. एका वर्षाच्या आत दोनदा मृत्यूच्या दाराशी जाऊन आलेला हा माणूस पुढच्या हंगामात परत बोटीत बसला.

मिस्टर अनलिमिटेड

फेब्रुवारी १९६० मध्ये मन्सी यांनी लेक वॉशिंग्टनमध्ये एका मैलाच्या सरळ अंतरावर ताशी १९२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३०९ किलोमीटरचा विक्रम नोंदवला. १९६०, १९६१ आणि १९६२ अशी सलग तीन वर्षे ते राष्ट्रीय विजेते झाले. सिएटलमध्ये १९६२ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या प्रचारासाठी बोटीचे नाव 'मिस सेंच्युरी २१' असे ठेवण्यात आले होते. याच नावाखाली त्यांनी १९६१ साली नेवाडातील पिरॅमिड लेकमध्ये आणि १९६२ साली सिएटलमध्ये गोल्ड कप जिंकला. ज्या गटात ते खेळत, त्या गटाचे नाव 'अनलिमिटेड' होते. म्हणजे इंजिनाच्या ताकदीला मर्यादा नसलेल्या बोटींचा गट. लोक मन्सी यांनाच 'मिस्टर अनलिमिटेड' म्हणू लागले.

त्यांच्या यशात हाताच्या कौशल्याइतकाच जिभेचाही वाटा होता. मन्सी उत्तम बोलत. वार्ताहरांशी, पुरस्कर्त्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी, बोटीभोवती गोळा झालेल्या पोरांशी त्यांचे सूर सहज जुळत. हौशी धनिकांच्या आणि गावोगावच्या स्वयंसेवकांच्या आधाराने चालणारा हा खेळ टिकवायचा तर लोकांना तो समजावून सांगायला हवा, हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले होते.

१९६३ च्या हंगामानंतर ऱ्होड्स यांनी खेळातून अंग काढून घेतले आणि मन्सी यांचा सुकाळ संपला. पुढची काही वर्षे ते वेगवेगळ्या मालकांच्या बोटी चालवीत राहिले. विजय आटले. त्यातच १९ जून १९६६ चा तो काळा रविवार उजाडला. राजधानी वॉशिंग्टनच्या पोटोमॅक नदीवर प्रेसिडेंट्स कपच्या शर्यतीत एकाच दिवशी रॉन मसन, रेक्स मँचेस्टर आणि डॉन विल्सन हे तीन चालक ठार झाले. दोन आठवड्यांनी डेट्रॉइटमध्ये चक थॉम्पसन गेले. बोटींचा वेग वाढत गेला होता. चालकाच्या रक्षणासाठी मात्र फारसे काही बदलले नव्हते. हे चौघेही मन्सी यांचे प्रतिस्पर्धी होते. त्या मृत्यूंनंतरही मन्सी थांबले नाहीत.

सॅन दिएगो आणि पुनरागमन

आयुष्याच्या उत्तरार्धात मन्सी सॅन दिएगो परिसरात स्थायिक झाले. मिशन बेवर शर्यत भरवण्यासाठी धडपडणाऱ्या हौशी मंडळींना देशातला सर्वांत नामवंत चालक शेजारी म्हणून लाभला. खाडीचे पाणी खारे. शर्यत संपली की इंजिने गोड्या पाण्याने धुऊन काढावी लागत. पण तिच्या अडीच मैलांच्या मार्गावर बोटी असा वेग गाठत, की जगातील सर्वांत वेगवान मार्ग म्हणून तिची ख्याती झाली. घरच्या या खाडीत मन्सी यांनी विजयही मिळवले. चषक घेऊन दुसऱ्या गावी निघून जाणारा हा पाहुणा नव्हता, ही गोष्ट किनाऱ्यावर राबणाऱ्या माणसांच्या दृष्टीने फार मोठी होती.

स्वयंसेवकांची ताकद काय असते, हे मन्सी यांना एकदा पराभवातूनही कळले होते. मॅडिसन हे इंडियानातील छोटे गाव. मन्सी यांची बोट जिथे फुटली होती तेच. या गावाच्या मालकीची 'मिस मॅडिसन' ही जुनी बोट लोकवर्गणीवर आणि गावकऱ्यांच्या श्रमावर चालत असे. १९७१ चा गोल्ड कप मॅडिसनला भरला. मन्सी यांच्याकडे घरसामान हलवणाऱ्या अॅटलास व्हॅन लाइन्स कंपनीच्या नावाची ताकदवान बोट होती. अंतिम फेरीत 'मिस मॅडिसन'चे चालक जिम मॅकॉर्मिक यांनी मन्सी यांना मागे टाकले आणि गावाने गोल्ड कप जिंकला. या विजयावर पुढे चित्रपटही निघाला.

पुढच्याच वर्षी मन्सी यांनी उत्तर दिले. १९७२ च्या हंगामातील सातपैकी सहा शर्यती त्यांनी जिंकल्या. त्यात डेट्रॉइटचा गोल्ड कपही होता. तो त्यांचा पाचवा गोल्ड कप. ज्या गार वुड यांच्या कथा त्यांच्या शहरात घरोघर सांगितल्या जात, त्यांची बरोबरी मन्सी यांनी त्यांच्याच नदीवर केली.

मालक मन्सी

ज्या वयात खेळाडू समालोचकाच्या खुर्चीत बसतात, त्या वयात मन्सी यांनी स्वतःचा संघ उभा केला. १९७५ च्या हंगामानंतर त्यांनी 'पे एन पॅक' या विजेत्या संघाची बोट आणि सारी सामग्री विकत घेतली. सत्तेचाळिसाव्या वर्षी ते चालकाबरोबर मालकही झाले. १९७६ साली त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. जिम लुसेरो हे कल्पक अभियंता त्यांच्या संघाचे प्रमुख होते.

लुसेरो यांनी १९७७ साली नवी बोट तयार केली. निळ्या रंगामुळे तिला 'ब्लू ब्लास्टर' हे नाव पडले. जुन्या बोटींत चालक इंजिनामागे बसे आणि धूर व तेलाचे शिंतोडे तोंडावर घेई. नव्या बोटीत तो इंजिनाच्या पुढे बसला. १९६६ साली मसन याच पद्धतीच्या बोटीत मरण पावले होते. तेव्हापासून ही रचना अपशकुनी मानली जात होती. मन्सी यांनी ती पत्करली. त्या हंगामातील नऊपैकी सहा शर्यती त्यांनी जिंकल्या. गुणांच्या बेरजेत राष्ट्रीय विजेतेपद 'मिस बडवायझर'कडे गेले खरे. पण सहावा गोल्ड कप जिंकून मन्सी गार वुड यांच्याही पुढे गेले. १९७८ आणि १९७९ साली गोल्ड कप आणि राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही त्यांच्याकडे आले. एकूण आठ गोल्ड कप आणि सात राष्ट्रीय विजेतेपदे, असा त्यांचा ताळेबंद झाला.

मात्र १९७७ हे वर्ष विजयाबरोबर सावलीही घेऊन आले होते. त्या वर्षी सिएटलच्या शर्यतीत जेरी बँग्ज हे चालक ठार झाले. बोटींचा वेग सरळ मार्गावर ताशी पावणेदोनशे मैलांच्या आसपास गेला होता. चालक अजूनही शिरस्त्राण आणि जीवरक्षक जाकिटाच्या भरवशावर उघड्यावर बसत होता.

अकापुल्को

१९८० पासून वारे फिरले. बर्नी लिटल यांच्या 'मिस बडवायझर'मध्ये रोल्स-रॉइसचे अधिक शक्तिशाली ग्रिफन इंजिन आले आणि डीन चेनोवेथ यांनी एकामागून एक शर्यती जिंकायला सुरुवात केली. मन्सी यांची बोट आता चार वर्षांची झाली होती. तिच्यातून आणखी वेग काढायचा म्हणजे तिला पाण्यावर आणखी हलके करायचे, हे ओघाने आले. मन्सी बावन्न वर्षांचे होते. सिद्ध करण्यासारखे काही उरले नव्हते. पण संघ त्यांचा होता, पुरस्कर्ता त्यांच्या नावावर आला होता आणि स्पर्धेत मागे राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

१८ ऑक्टोबर १९८१ रोजी मेक्सिकोतील अकापुल्को येथे जागतिक अजिंक्यपदाची शर्यत होती. अंतिम फेरीत मन्सी आघाडीवर होते. सरळ मार्गावर भरधाव जाताना 'अॅटलास व्हॅन लाइन्स'चे नाक वर उचलले गेले. बोट हवेत उभी राहिली, मागे उलटली आणि पालथी पाण्यावर आदळली. मन्सी यांना बाहेर काढण्यात आले, परंतु ते वाचू शकले नाहीत. त्यांच्या खात्यावर तेव्हा ६२ विजय होते. तोवर दुसऱ्या कोणालाही तो आकडा गाठता आला नव्हता.

नऊ महिन्यांनी, ३१ जुलै १९८२ रोजी वॉशिंग्टन राज्यातील ट्राय-सिटीज येथे डीन चेनोवेथ यांची 'मिस बडवायझर' तशीच मागे उलटली आणि तेही मरण पावले. या खेळातील दोन सर्वश्रेष्ठ चालक एकाच तऱ्हेच्या अपघातात गेले. आता ही गोष्ट चालकाच्या चुकीवर किंवा नशिबावर ढकलता येत नव्हती. अनुभव कामी येत असता, तर मन्सी यांच्याइतका अनुभव कोणाकडे होता?

मागे राहिलेल्यांनी काय केले

मन्सी यांच्या पत्नी फ्रॅन यांच्यासमोर दोन वाटा होत्या. संघ मोडून टाकणे ही त्यातली सोपी. फ्रॅन यांनी संघ चालू ठेवला. लुसेरो यांनी नवी बोट बांधली आणि तिचे सुकाणू चिप हॅनॉर या तरुणाकडे देण्यात आले. १९८२ साली या संघाने गोल्ड कप आणि राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही जिंकले. १९८४ साली हॅनॉर यांनी हेलिकॉप्टरच्या टर्बाइन इंजिनावर चालणाऱ्या बोटीतून गोल्ड कप जिंकला. टर्बाइनचा तो पहिलाच गोल्ड कप होता. फ्रॅन यांच्या संघाने १९८२ ते १९८७ अशी सलग सहा वर्षे हा चषक आपल्याकडे ठेवला. पतीला ज्या खेळाने हिरावून नेले, त्याच खेळात मालक म्हणून या स्त्रीने मिळवलेले हे यश मन्सी यांच्या कोणत्याही विजयाच्या तोडीचे आहे.

दरम्यान चालकाला वाचवायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर विमानांच्या जगातून आले. १९८६ साली 'मिस बडवायझर'वर एफ-१६ या लढाऊ विमानाचे पारदर्शक छत्र बसवण्यात आले. काही वर्षांत बंदिस्त कक्ष सर्वांना सक्तीचे झाले. चालकाला पट्ट्यांनी घट्ट बांधले जाऊ लागले आणि बोट पालथी झाली तरी पाण्याखाली श्वास घेता यावा म्हणून प्राणवायूची सोय झाली. दूर फेकले जाण्यात सुरक्षितता आहे, हा जुना हिशेब मोडीत निघाला. त्यानंतरही बोटी उलटल्या. हॅनॉर यांच्याही उलटल्या. पण ते त्यातून जिवंत बाहेर आले.

धोका मात्र पुरता संपला नाही. सप्टेंबर २००० मध्ये मन्सी यांच्या घरच्या खाडीतच, मिशन बेवर सराव करताना जॉर्ज स्ट्रॅटन हे चालक अपघातात मरण पावले. बंदिस्त कक्षामुळे आता चालक सुरक्षित झाला, असे मानू लागलेल्या या खेळाला तो मोठा धक्का होता.

आकड्यांपलीकडे

१९८९ साली अमेरिकेच्या मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेमची दालने उघडली, तेव्हा पहिल्याच तुकडीत मन्सी यांचा समावेश झाला. विक्रमाचे म्हणाल, तर तो बराच काळ टिकला. फ्रॅन यांच्या संघातून पुढे आलेल्या चिप हॅनॉर यांनी अकरा गोल्ड कप जिंकून मन्सी यांना त्या बाबतीत मागे टाकले. परंतु १९९९ च्या हंगामानंतर ते थांबले, तेव्हा त्यांच्या एकूण विजयांची संख्या ६१ होती. मन्सी यांच्यापेक्षा एकाने कमी. पुढे डेव्ह व्हिलवॉक यांनी ६२ चा आकडा ओलांडला. कोणताही विक्रम कायमचा नसतो.

मन्सी यांच्याकडे मागे वळून पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. मित्रांच्या मृत्यूंनंतर, दोन जीवघेण्या अपघातांनंतर, पन्नाशी उलटल्यावरही त्यांनी थांबायला नको होते का? ज्या खेळात त्यांनी स्वतःचे नाव, व्यवसाय आणि संसार सारे गुंफले होते, त्यातून उठून जाणे त्यांना जमले नाही. आपल्याइतका पाण्याला ओळखणारा दुसरा कोणी नाही, हा त्यांचा विश्वास रास्त होता. पण घात पाण्याने केला नाही, हवेने केला. तिच्यापुढे तीस वर्षांच्या अनुभवाचा इलाज चालला नाही. तेव्हा चालकाच्या अंगच्या कौशल्यावर विसंबून राहण्याऐवजी बोटीनेच त्याला वाचवले पाहिजे, हा विचार या खेळात रुजला. असा विचार रुजायला एवढे बळी का जावे लागावेत, याचे समाधानकारक उत्तर मात्र कोणाकडे नाही.

मन्सी यांच्या पश्चात मिशन बेवर बेफेअर वर्षामागून वर्षे भरत राहिला. पाण्यात बोये सोडणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या. वडिलांबरोबर लहानपणी आलेली मुले पुढे स्वतः बचावनौकेत बसू लागली. शर्यतीच्या दिवशी बोटी पाण्यात उतरण्याआधी पाणबुडे आपापल्या जागी आहेत ना, याची खात्री केली जाते. ते नसतील तर शर्यत सुरू होत नाही. विजेत्याला मिळणाऱ्या चषकावर मन्सी यांचे नाव कोरलेले आहेच. परंतु त्यांची खरी आठवण, कोणी पाहो वा न पाहो, किनाऱ्यापासून दूर हेलकावे घेत उभ्या असलेल्या त्या बचावनौकेत बसलेली असते.